पार्ट बदलण्याआधी कारण शोधा

पत्र: माझ्या वडिलांनी २०११ साली मर्सिडीजची एमएल ३५० सीडीआय घेतली. ते आता चालवत नाहीत, गाडी माझ्याकडे आहे. मुलुंडला सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. सकाळी बघावं तर पुढचा डावा कोपरा बसलेला. चालू केल्यावर घरघर करत वर येते, पण हल्ली फार वेळ लावते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात तिथून तेल टपकतं आणि लाद्यांवर डाग पडतात. कसारा घाटात दोनदा अचानक पिकअप गेला, चेक लाइट लागला. बाजूला घेऊन बंद करून चालू केली तर पुन्हा ठीक. पावसाळ्यापासून आत कुबट वास येतो, चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते आणि स्क्रीनवर रोज नवी वॉर्निंग दिसते. गॅरेजवाल्यांनी पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (गाडी तोलून धरणारे हवेचे खांब), कंप्रेसर, टर्बो, गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑइल सील आणि एक कंट्रोल मॉड्यूल असं मिळून पावणेसहा लाखांचं कोटेशन दिलंय. गाडी विकली तर एवढेही येणार नाहीत. बाबा म्हणतात दुरुस्त कर, नवरा म्हणतो काढून टाक. मी काय करू?
– एक वाचक, मुलुंड

ताई, ते कोटेशन मी दोनदा वाचलं. त्यात पार्टांची नावं आहेत, पण एकाही नावापुढे ‘हे कशावरून’ लिहिलेलं नाही. मला तुमच्या गाडीत पाच-सहा बिघाड दिसत नाहीत, तीन दिसतात: कुठून तरी पाणी आत येतंय, कुठून तरी हवा बाहेर जातेय आणि कुठून तरी तेल गळतंय. कोटेशनमधले बरेचसे पार्ट या तिघांमुळे पुढे खराब झालेले, किंवा अजून खराब झालेलेच नसलेले आहेत. गॅरेजवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही. गाडीला स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला, कोडमध्ये ज्याचं नाव तो पार्ट लिहिला, अशी पद्धत पडून गेली आहे. पण कोड फक्त एवढंच सांगतो की अमुक सर्किटमध्ये अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं. त्यामागे तो पार्ट असेल, त्याची वायर असेल, फ्यूज असेल, किंवा नुसती कमजोर बॅटरी असेल.

म्हणून सुरुवात पाण्यापासून आणि बॅटरीपासून करा. या गाड्यांमध्ये कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, बरीच असतात आणि व्होल्टेज खाली आलं की प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवून ठेवतो. मग स्क्रीनवर सस्पेन्शनची वॉर्निंग येते, ब्रेकची येते, आणि खरं दुखणं त्या गर्दीत सापडत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, चालू करण्याआधी, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. साधारण १२.६ व्होल्ट दाखवला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या खाली असेल तर ती अर्ध्याहून जास्त उतरली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान मिळायला हवं, म्हणजे अल्टरनेटर ठीक. बॅटरीची लोड टेस्टही करून घ्या. बॅटरीच्या दुकानात पाच मिनिटांत होते.

आता उभ्या गाडीत करंट कोण खातंय ते बघायचं. हे काम घाईत होत नाही. लॉक केल्यानंतर सगळी मॉड्यूल झोपी जायला वेळ लागतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास थांबूनच मोजायचं. निरोगी गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत राहते. त्याहून बरंच जास्त दिसलं तर फ्यूजांवरचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे फ्यूजच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक, एकेक करून मोजायचा. ज्या फ्यूजवर तो सापडेल त्या सर्किटमध्ये काहीतरी जागं आहे. फ्यूज उपसत बसू नये, कारण एक फ्यूज काढून लावला की झोपलेली मॉड्यूल पुन्हा उठतात आणि मोजमाप फसतं. तुमच्या मेकॅनिकला विचारा, हे त्यानं केलं का. केलं नसेल तर कंट्रोल मॉड्यूल बदलायचं ठरवलं कशावरून?

माझा संशय मात्र गुलमोहरावर आहे. सनरूफच्या चौकटीत पाणी जातंच, ते अडवायचं नसतं. कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांतून खाली उतरतात आणि पाणी गाडीखाली सोडतात. गुलमोहराची पानं तुम्ही जवळून पाहिली असतील: एकेक पानुली नखाएवढीही नसते. ती काचेच्या फटीतून घरंगळत चौकटीत जाते, वर धूळ बसते आणि पहिल्या सरीत त्याचा चिखल होऊन नळीचं तोंड बंद होतं. मग पाणी मागे फिरतं, छताच्या कापडाआडून खांबात आणि तिथून कार्पेटखाली येतं. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याखालचा जाड फोम पाणी धरून ठेवतो. तुम्हाला येणारा कुबट वास त्याचाच. त्या फोमखालून वायरिंगचे जोड जातात आणि या मॉडेलमध्ये मुख्य बॅटरीही पुढच्या सीटखालीच असते. त्यामुळे पाणी, बॅटरी उतरणं आणि रोजच्या नव्या वॉर्निंग यांचा एकमेकांशी संबंध असण्याची शक्यता मोठी आहे.

तपासणी घरच्या घरी होते. सनरूफ उघडा आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा कप पाणी हळूहळू ओता. खाली लगेच धार लागली तर नळी मोकळी आहे. पाणी कोपऱ्यातच साचून राहिलं तर ती तुंबलीय. साफ करायला मासेमारीचा जाड नायलॉन दोरा वापरा, टोक बोथट करून हळूहळू सरकवायचा. गॅरेजच्या कंप्रेसरची हवा मारू देऊ नका. त्या दाबानं नळी आतल्या जोडातून निसटते, आणि मग पावसाचं सगळं पाणी खांबातच पडत राहतं. विंडस्क्रीनखालच्या जाळीतला पाचोळाही याच वेळी काढा, तिथलाही पाण्याचा मार्ग तुंबतो. त्यानंतर सीट उतरवून, कार्पेट उचलून फोम पूर्ण वाळवायचा. नुसता एसी लावून किंवा सुगंधी डबी ठेवून भागणार नाही. जोड उघडून हिरवा गंज बघायचा, साफ करायचा, आणि सगळे कोड पुसून आठवडाभर गाडी चालवायची. त्यानंतर जे कोड परत येतील तेवढेच खरे धरायचे. त्या मॉड्यूलचा खर्च इथेच वाचेल असं मला वाटतं. मात्र मॉड्यूलमध्ये पाणी शिरून ते आतून गंजलं असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल. अशा वेळी उघडलेल्या मॉड्यूलचा फोटो मागा.

आता गाडी बसण्याकडे वळू. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या फुग्यात हवा असते. कंप्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती कोपऱ्याकोपऱ्याला वाटतो आणि उंचीचे सेन्सर हिशेब ठेवतात. एकच कोपरा रात्रीतून बसत असेल तर संशय आधी त्याच कोपऱ्याच्या फुग्यावर किंवा त्याच्या जोडावर घ्यायचा. कंप्रेसर घरघर करत वेळ लावतो, कारण तो रोज सकाळी गेलेली हवा भरून काढतो आणि चालतानाही मधूनमधून तेच करत बसतो. सोसायटीची टाकी गळत असली की पंप दिवसरात्र चालू राहतो आणि शेवटी मोटर जळते, तसंच हे. अशा वेळी नुसती मोटर बदलली तर तीही जळणार. कंप्रेसरची पिस्टन रिंग झिजते, तो तापतो, रिलेचे (त्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी गळती, मग रिले, आणि कंप्रेसर सगळ्यात शेवटी.

एक काम तुम्ही स्वतः करा. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपनं मोजून मिलिमीटरमध्ये लिहा. सकाळी, दार उघडण्याआधी, पुन्हा मोजा. चार-पाच रात्री हे करा. हवा थंड झाल्यानं सगळे कोपरे थोडेसे उतरले तर घाबरायचं कारण नाही. डावा पुढचा एकटाच ३०-४० मिलिमीटर उतरत असेल तर गळती तिथेच आहे, आणि उजवा स्ट्रट निदान आज तरी निर्दोष आहे. पुढचे दोन्ही जवळजवळ सारखे बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉक आणि त्याचे जोडही तपासायला हवेत. मग गॅरेजमध्ये साबणाचं पाणी: स्ट्रटच्या वरच्या टोकाला जिथे हवेची नळी येते तिथे आणि रबराच्या घडीत, गाडी पूर्ण उंचीवर असताना. बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की प्रश्न मिटला. कधीकधी स्ट्रट शाबूत असतो आणि गळत असतो फक्त नळीचा जोड. तो बदलण्याची किंमत आणि स्ट्रटची किंमत यांची तुलनाच नको.

स्ट्रट खराबच निघाला तर पुढची जोडी एकदम बदलण्यात तथ्य आहे, रबराचं वय दोन्हीकडे सारखंच. पण तो निर्णय पैशाचा आहे, तपासणीचा नाही, आणि तो तुम्ही घ्यायचा. भंगारातल्या गाडीचा जुना स्ट्रट मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण त्याचंही रबर तितकंच जुनं. कुणी सुचवेल की हे सगळं काढून साधे स्प्रिंग टाका. काही लोक टाकतात आणि समाधानी असतात. मी मात्र ते शेवटचा पर्याय मानतो. सस्पेन्शनचं मॉड्यूल त्याप्रमाणे नीट जुळवून दिलं नाही तर वॉर्निंग कायमची राहते, आणि गाडीची चाल जी बाबांना आवडली होती ती राहत नाही.

इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. नुसत्या हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मेकॅनिकच्या पोऱ्यालाही नाही. हवा गेली की दोन टनांहून जड गाडी क्षणात खाली येते. खाली भक्कम स्टँड लागलेच पाहिजेत.

तेलाकडे येतो, कारण कोटेशनमधली सगळ्यात महाग चूक तिथे होण्यासारखी आहे. तुमच्या गाडीतलं ओएम ६४२ हे तीन लिटरचं व्ही ६ डिझेल इंजिन आहे. त्याच्या दोन सिलिंडर ओळींच्या मधल्या खोलगट भागात, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) खाली, ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याची रबरी सील उष्णतेनं कडक होतात आणि तेल सुटतं. या इंजिनाचं हे माहितीतलं दुखणं आहे. ते तेल खोलगट भागात साचतं, मागच्या बाजूनं उतरतं आणि बरोबर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरतो, चांगलं सील बदललं जातं, मोठी मजुरी लागते आणि पंधरा दिवसांनी लादीवर तोच डाग.

हे टाळायला इंजिनची मागची बाजू आणि तो जोड पूर्ण धुऊन कोरडा करायचा, गाडी थोडी चालवायची, आणि वरून बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा) घालून त्या खोलगट भागात बघायचं. तिथे तेलाचं तळं असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. खात्री हवी असेल तर तेलात यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) घालून त्या दिव्याखाली माग काढता येतो. बोरस्कोप आता गल्लीतल्या गॅरेजमध्येही असतो. ‘आमच्याकडे नाही’ म्हणणाऱ्याकडे एवढं मोठं काम देऊ नका.

घाटातल्या पिकअपचा धागाही इथेच जुळतो. इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ सोडणाऱ्या वाटेतून, तेलाची वाफ टर्बोच्या तोंडाशी येते. तिथलं छोटं रबरी सील सुकलं की तेल खाली झिरपतं आणि बरोबर खाली असते इनटेकच्या झडपा हलवणारी इलेक्ट्रिक मोटर. तेल आत जाऊन ती मोटर बिघडली की इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं, ज्याला लिम्प मोड म्हणतात. बंद करून चालू केलं की काही काळ सगळं सुरळीत. टर्बो खरंच गेला असता तर बहुधा शिट्टीसारखा आवाज, निळसर धूर किंवा तेल पिणं अशी लक्षणं तुम्ही लिहिली असती. तशी ती लिहिलेली नाहीत. फाटलेला बूस्ट होज, म्हणजे टर्बोची दाबाची हवा नेणारी नळी, हीसुद्धा शक्यता आहे. घाटात लोड आला की फट उघडते आणि सपाटीवर कळत नाही. तेव्हा टर्बो मंजूर करण्याआधी तीन गोष्टी मागा: इनटेकची धुराची चाचणी (आत धूर सोडून फट शोधणं), त्या मोटरचा कनेक्टर उघडून तेल आहे का त्याचा फोटो, आणि घाटासारख्या चढावर स्कॅनर लावून मागितलेला व प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांची नोंद. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढही त्यासाठी चालेल, कसाऱ्यापर्यंत जायला नको. स्कॅनर मात्र मर्सिडीजच्या झेंट्री प्रणालीचा किंवा तितक्या खोलात जाणारा हवा. चार आकडी कोड वाचणारं स्वस्त यंत्र इथे अपुरं पडतं.

ऑइल कूलरची सील स्वतः स्वस्त असतात, खर्च मजुरीचा. वरचं सगळं काढावं लागतं. म्हणून एकदा उघडलं की टर्बोच्या तोंडाचं सील, ब्रीदर, ती मोटर, मॅनिफोल्डची गास्केट आणि जुने होज एकाच मजुरीत करून घ्या. नंतर तेल भरताना पुस्तिकेत दिलेली मान्यता डब्यावर छापलेली आहे का ते स्वतः वाचा; ‘सिंथेटिक आहे ना’ एवढ्यानं भागत नाही. डिझेलच्या लायनीत काही गळतंय असं वाटलं तर चालू इंजिनवर बोटानं चाचपू नका. या इंजिनात इंजेक्शनचा दाब १६०० बारपर्यंत जातो, तो कातडी भेदतो.

पार्ट घेताना चॅसिस नंबर देऊनच घ्या, एकाच वर्षाच्या दोन एमएलमध्येही फरक असतात. ऑपेरा हाउसच्या बाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पुष्कळ मिळतं, ओरिजिनलच्या खोक्यात लोकल मालही मिळतो. आरसा, दाराचं हँडल, ट्रिम हे कापलेल्या गाडीतलं घेतलं तरी बिघडत नाही. रबर, सील, सेन्सर आणि ब्रेकचं काही नवीनच घ्या. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा.

मजुरीचं कोटेशन मागण्याआधी तपासणीचे पैसे वेगळे द्यायला तयार व्हा आणि तसं स्पष्ट सांगा: ‘निदानाचे तुमचे पैसे मी देते, पण मला ते लेखी हवं.’ आपल्याकडे तपासणी फुकट असते आणि मग तिची किंमत पार्टांत वसूल होते, त्यामुळे मेकॅनिकलाही शोधण्यापेक्षा बदलणं परवडतं. जो माणूस पैसे घेऊन दोन तास शोधायला बसतो, त्याच्याकडे गाडी ठेवा. तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असेल किंवा विक्रोळीच्या गाळ्यात, मला फरक पडत नाही.

राहिला बाबा आणि नवऱ्यामधला वाद. निर्णय पैशांवर नको, गाडीच्या दोन गोष्टींवर घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत खालची बाजू गंजते. लिफ्टवर चढवून सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा), सस्पेन्शनच्या पकडी आणि ब्रेकच्या लायनी बघा. तिथे पत्रा सुटत असेल तर नवऱ्याचं ऐका. दुसरं, गिअरबॉक्स गरम झाल्यावर गिअर बदलताना झटके देतो का. देत असेल तरी लगेच हबकू नका; त्याचं तेल ठरलेल्या प्रकारचं आणि ठरलेल्या तापमानाला मोजून भरलेलं आहे का ते आधी बघा. हे दोन्ही ठीक असेल तर मी बाबांच्या बाजूचा आहे, कारण या पैशांत असं इंजिन आणि अशी बांधणी पुन्हा मिळणार नाही.

पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल तेही आत्ताच बघा. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. गाडी आरटीओत दाखवावी लागते, पीयूसी आणि विमा चालू लागतो, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना जो नियम लागू झाला, तसा आज मुंबईत नाही. मात्र तेल गळत असताना, वॉर्निंग पेटलेली असताना आरटीओत नेऊ नका. म्हणजे कामाचा क्रम असा पडतो: आधी पाणी आणि बॅटरी, मग हवा, मग तेल, आणि मग आरटीओ. टर्बो आणि मॉड्यूलला तोपर्यंत ‘थांबा’ म्हणा.

चार-पाच रात्रींच्या त्या मोजमापांचा कागद आणि बोरस्कोपचा फोटो हाती आला की सदराच्या पत्त्यावर पाठवा. फोटोत इंजिनचा तो खोलगट भाग कोरडा निघाला तर मागच्या सीलबद्दल मी जे लिहिलंय ते मला बदलावं लागेल, आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं नव्यानं वाचावं लागेल.